वाळवंटातील रात्र कॅमेऱ्यात टिपताना

गेल्या अंकात या सदरात लडाखमधील हानले आणि राजस्थानातील खुरी येथे टिपलेली रात्रीच्या आकाशाची काही छायाचित्रे दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही चार मित्र दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेरला जाण्याचा बेत करीत आहोत. त्या वेळी आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग टिपता येईल का, की कच्छचे रण किंवा हानले निवडावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला असते, त्यामुळे दिवाळीच्या रात्री आपोआपच चंद्रहीन असतात, आणि त्या दृष्टीने आपली निवड चांगली आहे. मात्र आपण ज्याला मध्यभाग म्हणता, तो धनू आणि वृश्चिक राशींच्या सीमेवरचा, मूळ नक्षत्राच्या थोडा वर असणारा दाट पट्टा, त्या सुमारास निरोपाच्या बेतात असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस जैसलमेरला संध्याप्रकाश पूर्ण विझतो तो साधारण साडेसातच्या सुमारास, आणि तेव्हा हा भाग नैर्ऋत्येला क्षितिजापासून जेमतेम १५ ते १६ अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे १० अंश व्यापते, म्हणजे दोन मुठींपेक्षाही कमी उंची. नऊच्या सुमारास तो मावळतोच, आणि त्याआधीचा अर्धा तास क्षितिजाजवळच्या धुळीत जातो. तारे रोज सुमारे चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास आधी मावळतात. त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात गेली तर हाती लागणारा वेळ आणखी घटतो.

म्हणून दिवाळीत जाणार असाल तर मध्यभागाचा हट्ट सोडावा, असे माझे मत आहे. रात्री अकराच्या सुमारास देवयानीतील दीर्घिका जवळजवळ डोक्यावर असते, पूर्वेला कृत्तिका चांगल्या वर आलेल्या असतात, आणि मध्यरात्रीपर्यंत मृग नक्षत्र वाळूच्या टेकड्यांवर उभे राहते. हिवाळ्यातली आकाशगंगा फिकी असते, पण मृग आणि व्याध यांच्या शेजारून जाणारा तो पट्टा वाळवंटाच्या अंधारात नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, आणि ते चित्र सगळ्यांच्या संग्रहात नसते.

मध्यभागच हवा असेल तर राजस्थानातील थरच्या वाळवंटासाठी फाल्गुनाच्या शेवटी, म्हणजे गुढीपाडव्याच्या आगेमागे जावे. मार्चच्या अखेरीस तो रात्री दीडच्या सुमारास आग्नेयेला उगवतो आणि पहाटे पाचपर्यंत सुमारे ३० अंशांवर येतो. पुढे वैशाखात आकाशाची स्थिती आणखी सोयीची होत जाते. पण तेव्हा तेथे आंधी, म्हणजे धुळीची वादळे, सुरू होते आणि धुळीमुळे तारे क्षितिजाच्या बऱ्याच वरपर्यंत लालसर व मंद दिसतात. नंतर पावसाळा येतो. महाराष्ट्रात तर जून ते सप्टेंबर या सर्वोत्तम महिन्यांतच आकाश झाकलेले असते, आणि आपल्याकडच्या छायाचित्रकारांची ही जुनी खंत आहे.

हानले उपयोगी पडते ते याच ठिकाणी. हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्याने ते थंड वाळवंट आहे. पोळ्याच्या अमावास्येला, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, तेथे अंधार पडताच मध्यभाग दक्षिणेला थोडा पश्चिमेकडे कललेला दिसतो आणि मध्यरात्रीपर्यंत पुरतो. श्रावणात तेथेही ढग येतात, म्हणून किमान तीन रात्री हाताशी ठेवाव्यात. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. हानले जवळपास ३३ अक्षांशावर असल्याने तेथून मध्यभाग कधीही २८ अंशांपेक्षा वर जात नाही; पुण्याहून तो ४२ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे दक्षिणेकडे उंच डोंगर आड न येणारी जागा दिवसाउजेडी शोधून ठेवणे भाग आहे.

कच्छच्या पांढऱ्या रणाकडे आपले लोक मुद्दाम पौर्णिमा साधून जातात. चांदण्यात मीठ पाहणे हा अपूर्व अनुभव आहे यात शंका नाही, पण त्या रात्री आकाशगंगा दिसत नाही. ताऱ्यांसाठी जायचे असेल तर अमावास्या धरावी, आणि सीमाभाग असल्याने रणात किती वाजेपर्यंत थांबता येते याची चौकशी तपासणी नाक्यावरच करावी.

पंचांगाचा उपयोग आणखी बारकाईने करता येतो. शुक्ल तृतीया-चतुर्थीचा चंद्र सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांत मावळतो. तेवढ्या वेळात त्याच्या मंद उजेडात वाळूच्या लाटांची छायाचित्रे घ्यावीत आणि तो मावळल्यावर आकाशाकडे वळावे. पहाटेच्या आकाशासाठी कृष्ण द्वादशी-त्रयोदशीचा उशिरा उगवणारा चंद्र हेच काम उलट क्रमाने करतो. मला स्वतःला पूर्ण अमावास्येपेक्षा या तिथी अधिक आवडतात, कारण ठार काळोखात वाळूला आकारच उरत नाही.

प्रश्न : २० मिलिमीटरच्या लेन्सने २५ सेकंद एक्स्पोजर दिले, तरी मोठे करून पाहिल्यावर तारे ठिपक्यांऐवजी रेघांसारखे दिसतात. ‘५०० भागिले फोकल लेंग्थ’ हा नियम पाळूनही असे का होते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागले की तारे न लांबता किती सेकंद एक्स्पोजर देता येईल ते कळते, असा हा नियम फिल्मच्या आणि लहान आकाराच्या प्रिंटच्या काळात पुरेसा होता. आजच्या सेन्सरला तो पुरत नाही, हे साध्या गणिताने पटते. पृथ्वी फिरते त्यामुळे खगोलीय विषुववृत्तावरचा, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर येणाऱ्या आकाशातील रेषेवरचा, तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो (एका अंशात ३,६०० विकला असतात). पूर्ण आकाराच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो, आणि २० मिलिमीटरच्या लेन्समागे असा एक पिक्सेल आकाशाच्या सुमारे ६२ विकला व्यापतो. २५ सेकंदांत तारा ३७५ विकला सरकला, म्हणजे तो सहा पिक्सेल लांब झाला. मध्यभागाकडचे तारे विषुववृत्तापासून २९ अंश दक्षिणेला असल्याने तेथे ही लांबी पाच पिक्सेलच्या आसपास राहते, आणि ध्रुवताऱ्याभोवती ती फारच कमी होते. १० सेकंदांत ती दोन-अडीच पिक्सेलवर येते, आणि तेवढी डोळ्यांना खटकत नाही.

मग प्रकाश कमी पडतो, त्याचे काय करावे? ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, शक्य तितके उघडे ठेवावे, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० ते ६४०० ठेवावा, आणि १० सेकंदांच्या एकाऐवजी १६ फ्रेम लागोपाठ घ्याव्यात. संगणकावर त्या ताऱ्यांच्या जागा जुळवून एकत्र केल्या की नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो. सोळा फ्रेमना तो चौथ्या हिश्शावर येतो. याच पद्धतीत उपग्रहांच्या रेघाही निघून जातात, कारण रेघ एखाद्याच फ्रेममध्ये असते आणि बाकीच्या पंधरांत त्या जागी काळे आकाश असते. शेवटी लेन्सवर झाकण लावून, तेवढ्याच वेळाच्या आणि त्याच आयएसओच्या दहा-बारा काळ्या फ्रेम घ्याव्यात. त्यांतून सेन्सरचे स्वतःचे तापलेले ठिपके वजा करता येतात. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच ठेवावी.

तारे रेघांसारखे नसून फुगलेले दिसत असतील, तर दोष फोकसचा आहे. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. एखादा ठळक तारा, हिवाळ्यात व्याध किंवा उन्हाळ्यात ज्येष्ठा, मागच्या पडद्यावर दहापट मोठा करून तो सर्वांत बारीक होईपर्यंत रिंग हलक्या हाताने फिरवावी आणि मग ती चिकटपट्टीने पक्की करावी. वाळवंटात संध्याकाळ आणि मध्यरात्र यांच्या तापमानात मोठा फरक पडतो व लेन्स आकुंचन पावते, त्यामुळे हे काम दर दीड-दोन तासांनी पुन्हा करावे लागते. खुरीला एकदा संध्याकाळी सातला लावलेल्या फोकसवर मी पहाटे तीनपर्यंत काम करीत राहिलो. घरी आल्यावर अकरानंतरच्या प्रत्येक फ्रेममध्ये ज्येष्ठा तारा लाल टिंबाऐवजी लहानशा चकतीसारखा निघाला. ती रात्र पुन्हा मिळाली नाही, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

प्रश्न : हानलेला काढलेल्या माझ्या छायाचित्रांत आकाशावर हिरवट लाटा उमटल्या आहेत. कॅमेऱ्यात बिघाड आहे का, की तो ध्रुवीय प्रकाश असावा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कॅमेरा ठीक आहे, आणि हा ध्रुवीय प्रकाशही नाही. आपण वायुदीप्ती टिपली आहे. दिवसा सूर्याच्या अतिनील किरणांनी वातावरणाच्या वरच्या थरांतील ऑक्सिजनचे रेणू फुटतात; रात्री ते अणू पुन्हा एकत्र येताना जी ऊर्जा सुटते, तिचा काही भाग ५५७.७ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. हा थर जमिनीपासून सुमारे ९५ किलोमीटरवर असतो, आणि त्या उंचीवरील हवेच्या लहरींमुळे त्यात पट्टे किंवा लाटा उमटतात. डोळ्यांना तो रंग जाणवत नाही. आकाश किंचित धुरकट आहे एवढेच वाटते. शहराजवळ तर तो दिव्यांच्या उजेडात बुडून जातो. म्हणून आपल्या छायाचित्रातली हिरवी छटा ही त्या जागेच्या अंधाराची पावती आहे. संगणकावर ती काढून आकाश निळे करण्याचा मोह अनेकांना होतो. मी ती ठेवतो.

ध्रुवीय प्रकाशाची शंका मात्र अगदीच निराधार नाही. १० मे २०२४ च्या रात्री सौर वादळामुळे हानलेच्या वेधशाळेतील कॅमेऱ्यांनी उत्तरेच्या क्षितिजावर लाल झळाळी टिपली होती. ती लाल, उत्तरेला आणि क्षितिजालगत होती. आपली छटा हिरवी असून आकाशभर पसरलेली आहे, हा फरक ध्यानात घ्यावा.

याच पत्रात आपण आणखी एका छायाचित्राविषयी विचारले आहे. फेब्रुवारीत जैसलमेरजवळ, सूर्यास्तानंतर दीड तासाने पश्चिमेला शंकूसारखा तिरपा उजेड दिसला आणि तो गावाचा असावा असे आपल्याला वाटले. गावाचा उजेड क्षितिजाला चिकटून घुमटासारखा आणि पिवळसर असतो. आपला शंकू पांढुरका आहे आणि राशिचक्राच्या रेषेत उंच गेला आहे, तेव्हा तो राशिप्रकाश आहे. ग्रहांच्या प्रतलात पसरलेल्या सूक्ष्म धुळीवरून परावर्तित झालेला तो सूर्यप्रकाशच होय. वसंतातल्या संध्याकाळी आणि शरदातल्या पहाटे तो सर्वांत चांगला दिसतो. असे छायाचित्र अनवधानाने मिळाले, त्याबद्दल आपले मनापासून अभिनंदन.

प्रश्न : एका ठिकाणची वाळू आणि दुसऱ्या रात्रीचे आकाश जोडून केलेली चित्रे सर्वत्र दिसतात. हे योग्य आहे का? आणि सरावासाठी विदर्भात जवळचे ठिकाण कोणते? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : जमिनीसाठी वेगळे, लांब एक्स्पोजर आणि आकाशासाठी वेगळे, असे दोन्ही त्याच जागी, त्याच दिशेला, ट्रायपॉड न हलवता घेऊन एकत्र करणे यात मला काही गैर वाटत नाही, कारण काळोखात जमिनीला दोन-तीन मिनिटे द्यावीच लागतात आणि तेवढ्या वेळात तारे सरकतात. पण खुरीच्या टेकडीवर हानलेचे आकाश चिकटवले की ते छायाचित्र राहत नाही, आणि तसे स्पष्ट न लिहिता ते प्रसिद्ध करणे ही पाहणाऱ्याची फसवणूक आहे, या मतावर मी ठाम आहे. आकाश हा पडदा नव्हे. कोणत्या अक्षांशावरून, कोणत्या तिथीला, कोणत्या वेळी काय दिसते हे ठरलेले असते, आणि जाणकाराला चूक लगेच कळते. भारतातून आकाशगंगेचा मध्यभाग उत्तरेला कधीच दिसत नाही. ध्रुवताऱ्याभोवतीची वर्तुळे आणि धनू राशीचा पट्टा एकाच दिशेला शेजारी दिसले, तर ते चित्र संगणकावर जुळवलेले आहे असे खुशाल समजावे. आपण स्वतः जुळवणी केली असेल, तर दोन्ही भागांची जागा आणि वेळ चित्राखाली लिहावी.

सरावासाठी आपण भाग्यवान आहात. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि ते नागपूरहून काही तासांच्या अंतरावर आहे. व्याघ्र प्रकल्प असल्याने रात्री कोठे थांबता येते हे वनविभागाकडूनच समजून घ्यावे. वाळवंटात जाण्यापूर्वी कॅमेऱ्याची बटणे अंधारात, न पाहता दाबता येणे आवश्यक आहे, आणि ते घराच्या गच्चीवरही शिकता येते.

प्रश्न : मी अबूधाबीजवळ राहतो. अल कुआच्या वाळवंटात जातो, पण उन्हाळ्यातल्या फ्रेम फार दाणेदार येतात. (एक वाचक, संयुक्त अरब अमिराती)

उत्तर : तापलेला सेन्सर हे त्याचे मुख्य कारण आहे. दर ६ ते ८ अंश सेल्सियसला सेन्सरचा अंधारातला, म्हणजे प्रकाश नसतानाही वाहणारा, विद्युतप्रवाह साधारण दुप्पट होतो, आणि तेथे उन्हाळ्यात मध्यरात्रीही पारा तिशीच्या वर असतो. दोन फ्रेममध्ये काही सेकंदांचा अवकाश द्यावा, मागचा पडदा बंद किंवा शरीरापासून दूर वळवून ठेवावा, आणि काळ्या फ्रेम त्याच रात्री, त्याच तापमानात घ्याव्यात. शक्य असेल तर मार्च-एप्रिलच्या पहाटे गाठाव्यात.

प्रश्न : माझे वय ६२ आहे. हानलेची उंची आणि थरमधले साप या दोन्हींची घरच्यांना काळजी वाटते. कोणती खबरदारी घ्यावी? तेथे दिव्यांबाबत काही नियम आहेत का? (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे. हानले समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. विमानाने लेहला उतरल्यावर किमान दोन, आणि आपल्या वयाला तीन दिवस तेथे विश्रांती घ्यावी. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना रक्तदाब, हृदय आणि औषधे यांविषयी स्पष्ट विचारावे. डोके सतत दुखणे, मळमळ, बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काहीही झाले, तर आकाश कितीही स्वच्छ असले तरी खाली उतरावे. या बाबतीत मी कोणाशीही तडजोड करीत नाही. हा सीमावर्ती भाग असल्याने परवान्याचे त्या वेळचे नियम लेहच्या प्रशासनाकडून तपासून घ्यावेत.

थंडीत बॅटरी निम्म्या वेळातच मान टाकते. दोन जादा बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. लेन्सजवळ वाकून श्वास सोडू नये, कारण काचेवर तत्काळ दव आणि मग बर्फाचा पापुद्रा जमतो. तो पुसण्याच्या प्रयत्नात लेपाला ओरखडे पडतात. काम संपल्यावर कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे आणि मगच खोलीत आणावा, म्हणजे ओल पिशवीच्या बाहेर जमते. पिशवी सकाळपर्यंत उघडू नये.

थरमध्ये फुरसे आहे, आणि ते रात्री फिरते. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घालावेत, वाळूत उघड्या हाताने काही चाचपू नये, पिशवी जमिनीवर उघडी ठेवू नये. चालताना पांढरी विजेरी खाली रोखून वापरावी आणि ट्रायपॉडपाशी पोहोचल्यावर लाल दिव्यावर यावे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती क्षणात जाते, हे खरे असले तरी सापाच्या बाबतीत डोळ्यांची सवय दुय्यम आहे. ट्रायपॉडच्या सर्वांत खालच्या नळीत वाळू जाऊन अटकते, म्हणून पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात, आणि वारा असताना लेन्स बदलू नये. काचेवर कण आले तर फुंकणीने उडवावेत. कापड लावू नये.

दिव्यांबाबत नियम आहेत, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटतात. हानलेला बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा असून तेथील दोन मीटर व्यासाची, शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘हिमालयन चंद्र’ दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटे येथून चालवली जाते. तिच्या आसपासचा सुमारे १,०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश २०२२ मध्ये अंधारे आकाश राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. गावात रस्त्यावरचे व घराबाहेरचे दिवे मर्यादित ठेवले जातात, आणि स्थानिक तरुण-तरुणींना दुर्बिणी व प्रशिक्षण देण्यात आले आहे. येणाऱ्यांना आकाश दाखवणे हे आता त्यांच्या उपजीविकेचे साधन आहे. गाडी अंधार पडण्याआधी जागेवर लावावी, कारण प्रखर दिव्यांचा एकच झोत अर्ध्या किलोमीटरवर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या फ्रेम वाया घालवतो. आपण ज्या घरी उतराल तेथे खिडकीला जाड पडदा असेल. गेल्या खेपेस मी रात्री साडेनऊला कॅमेऱ्याची पिशवी आणायला खोलीत शिरलो, तेव्हा घरातल्या आजींनी माझ्याआधी उठून तो पडदा ओढून घेतला होता, आणि मगच दिव्याचे बटण दाबले.